लघवी : नॉर्मल. उपकेंद्रातल्या एका तपासणीचा प्रकरण अभ्यास

केसपेपरवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : भूक कमी, झोप बरी, लघवी नॉर्मल, शौचास नॉर्मल, व्यसन नाही, चालू औषधे नाहीत. एकही रकाना रिकामा नव्हता. कागद भरायला बारा मिनिटं लागली होती. समोर बसलेल्या बाईंना आदल्या संध्याकाळपासून लघवीच झालेली नव्हती.

मी सिंधुदुर्गात नर्सिंग शिकवते. त्याआधी चौदा वर्षं वॉर्डात काम केलं. हे प्रकरण मालवण तालुक्याच्या आतल्या बाजूच्या एका उपकेंद्रातलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि आमच्या चुका मात्र घडल्या तशाच लिहिल्या आहेत, कारण शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या चुकांमध्येच आहे.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा शब्द आपल्याकडे अजून तोंडात बसलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांना परिचारिकेने स्वतः तपासावं, हा त्यामागचा विचार. भारतीय परिचर्या परिषदेने हे नाव आधी अतिदक्षता विभागासाठी आणि नंतर प्रसूतीसेवेसाठी आखलेल्या अभ्यासक्रमांना दिलं. पण कोकणातल्या वाडीवरच्या माणसाला हे काम करताना दिसते ती उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांची ‘सीएचओ मॅडम’. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन तिथे नेमलं जाऊ लागलं. वॉर्डात परिचारिका बघते, नोंदवते आणि डॉक्टरांना सांगते. उपकेंद्रात दाराशी आलेल्या माणसाला पहिल्यांदा तीच बघते, आणि पुढे पाठवायचं की घरी, हेही तीच ठरवते. हा फरक फार मोठा आहे. तो आम्ही शिकवणाऱ्यांनी पुरता ओळखला नव्हता, असं आज मला वाटतं.

पहिली फेरी

आषाढ लागला होता. तीन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती आणि वाडीकडच्या साकवावरून पाणी जात होतं. साडेदहाच्या सुमाराला त्रेचाळीस वर्षांच्या या बाई नवऱ्याबरोबर आल्या. डोक्यावर प्लास्टिकचं खोळ, साडीच्या काठाला चिखल. बाकावर बसताना त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली आणि मग हळूच अंग सोडलं. मी कोपऱ्यात रजिस्टर चाळत बसले होते. ते बसणं मी पाहिलं आणि काही बोलले नाही, कारण तपासणी प्रशिक्षणार्थीने करायची होती.

ही मुलगी लातूरकडची, सव्वीस वर्षांची, अभ्यासात अतिशय हुशार. प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर छाती-पोटाची तपासणी करताना तिच्या हाताला मी कधी चूक काढू शकले नव्हते. मालवणी तिला तीन महिन्यांत बरीचशी कळू लागली होती.

“काय होतंय मावशी?”

“काय नाय सिस्टर, आंग मोडान इला हा. दोन गोळयो देवा, लावणी ऱ्हवली हा.”

“ताप आहे ना?”

“होय, चार दिस जाले.”

“उलटी वगैरे नाही ना? लघवी, संडास व्यवस्थित होते ना?”

“होता.”

“तंबाखू, मिसरी काही नाही ना? कुठलं औषध चालू नाही ना?”

नवरा शेजारीच बसलेला. बाईंनी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला नीट दिसलं नाही, पण कागदावर ‘नाही’ उमटलं.

ताप १००.८, नाडी १०४, बीपी १०४/६६, ऑक्सिजन ९६ टक्के, श्वास १८. पोट मऊ. छाती पदरावरून आणि ब्लाउजवरूनच ऐकली, ‘स्वच्छ’. मलेरियाची किट लावली, ती निगेटिव्ह आली. पॅरासिटामॉल, ओआरएस, आराम, ‘दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर परत या’. कागदावर पाहिलं तर यातलं काहीच चूक नव्हतं. परीक्षेत मी या तपासणीला वीसपैकी सोळा-सतरा गुण दिले असते.

बाई उठताना पुन्हा बाकाची कड धरू लागल्या तेव्हा मी मध्ये पडले. त्यांना म्हटलं, वयनी, जरा दहा मिनिटं बसा, पाऊसही आहे. मुलीला बाजूला घेऊन एवढंच विचारलं : “श्वास अठरा, तो तू मोजलास?”

ती गप्प राहिली. कागदावर अठरा लिहिलेला असला की तो बहुतेक वेळा मोजलेला नसतो, हे प्रत्येक वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. वीस आणि अठरा हे दोन आकडे आम्ही वर्षानुवर्षं डोळे मिटून लिहीत आलो.

दुसरी फेरी

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. कागद उलटा ठेव. घड्याळ हातात घे. आणि प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ लावू नकोस.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजला. सव्वीस आले.

मग ती बाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. “मावशी, शेवटची लघवी कधी झाली?”

बाई हसल्या. “मोजूक कोण बसता?”

“आज सकाळी उठल्यावर?”

“आज नाय.” जरा थांबून, नवऱ्याकडे न बघता, “काल सांजेक गेल्लंय. थोडीशीच जाली. चायसारी.”

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग त्या क्षणी बदलला, तो मला आजही दिसतो. एका उत्तराने सगळी तपासणी फिरली. आता पुढचा प्रश्न कागदावरचा राहिला नव्हता, तो तिच्याच मनातून येत होता. दिवसभर पाणी किती प्यायलात? पेज पोटात राहिली का? चार दिवसांत काय काय घेतलं?

औषधाच्या प्रश्नाला पुन्हा ‘नाही’ आलं. तेव्हा तिने वाक्य बदललं, “अंग दुखतं तेव्हा काय घेता?” बाईंनी कनवटीला लावलेल्या बटव्यातून एक अर्धी संपलेली पट्टी काढली. “ता खयचा औषध? ती आंगदुखीची गोळी.” गावातल्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक. दिवसाला तीन, चार दिवस, बऱ्याचदा रिकाम्या पोटी. ताप, उलटी आणि कमी पाणी यांनी आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर ही गोळी आणखी घाव घालते. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. डॉक्टर देतो ते औषध आणि दुकानदार देतो ती गोळी, असा त्यांच्या लेखी सरळ फरक होता. आमच्या प्रश्नाला तो फरक माहीत नव्हता.

नवऱ्याला मी छत्री देऊन घरून आधारकार्ड आणि जुने कागद आणायला पाठवलं. कागदांची निकड नव्हती. खोलीला पडदा नव्हता आणि बाईंना नवऱ्यासमोर अंगावरचं काही बाजूला करायला लावणं बरोबर नव्हतं. आशाताईंना बोलावून दाराशी उभं केलं आणि खिडकी लोटून घेतली.

डोळे. ट्यूबलाइटखाली ते नुसते थकलेले दिसत होते. मुलगी बाईंना हाताला धरून पडवीत घेऊन गेली आणि ढगाळ का होईना, दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढली. बुबुळाभोवतीचा सगळा पांढरा भाग लालसर, पण चिपड नाही, पाणी नाही. वरच्या बाजूला अगदी हलकी पिवळी झाक. नवरा निघता निघता म्हणाला होता, “चुलीच्या धुरान लाल झाले असतले.” धुराने डोळा लाल होतो तेव्हा तो चुरचुरतो आणि गळतो. हा डोळा गळत नव्हता.

मग पोटऱ्या. पहिल्या फेरीत पायाला हातच लागला नव्हता. उजवी पोटरी अंगठ्याने जेमतेम दाबली आणि बाईंनी पाय झटकन मागे ओढला. डावीकडेही तसंच. एकाच पायाला सूज आणि दुखणं असतं तर रक्ताच्या गुठळीचा विचार करावा लागला असता. इथे दोन्ही पाय, सूज नाही, दाबलं की असह्य. म्हणूनच बसताना बाकाची कड धरावी लागत होती. टाचांना बोट जाईल अशा भेगा, दोन बोटांमध्ये चिखल्या. पंधरा दिवस त्या भेगा घेऊन बाई कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, तरवा (भाताची रोपं) लावत होत्या.

झोपवून बीपी १००/६४, नाडी १०८. आधार देऊन उभं केलं, दोन मिनिटांनी बीपी ८४/५०, नाडी १२८, आणि बाई म्हणाल्या की गरगरता. लगेच खाली झोपवलं. ही उभं करून बीपी बघायची पद्धत पुस्तकात दोन ओळींची आहे आणि ती करायला चार मिनिटं लागतात. पाणी किती आटलं आहे हे त्या चार मिनिटांत कळतं.

छाती या वेळी कपडा बाजूला करून, पाठीकडून, एकेका जागेवर पूर्ण श्वास घ्यायला लावून ऐकली. उजवीकडे खाली बारीक करकर होती. मीही ऐकली. काखा, स्तनांखालची त्वचा आणि जांघा यांच्यावर काळपट खपली आहे का तेही पाहिलं, कारण स्क्रब टायफस अशाच तापाने येतो आणि त्याची खूण बहुधा कपड्यांखाली दडलेली असते. खपली नव्हती.

चाळीस मिनिटं झाली होती. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून अंगावरच्या भेगांवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा संशय आता मुलीला बोलून दाखवावा लागला नाही.

फोन

वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करण्याआधी मी तिला चार वाक्यं कागदावर मांडायला लावली : आत्ता काय आहे, आधी काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवं आहे. तिने जे सांगितलं ते असं :

“त्रेचाळीस वर्षांच्या बाई, तापाचा चौथा दिवस, पंधरा दिवस लावणीत, टाचांना भेगा. काल संध्याकाळपासून लघवी नाही, आधीची चहासारखी. डोळे लाल, थोडी कावीळ, दोन्ही पोटऱ्या दुखतात, श्वास सव्वीस, उजवीकडे खाली करकर, उभं केल्यावर बीपी चौऱ्याऐंशी. रोज तीन डायक्लोफेनॅक घेत होत्या. मला गंभीर लेप्टो वाटतो. सलाईन सुरू करायची परवानगी आणि १०८ हवी आहे.”

पलीकडून एकच प्रश्न आला, “पाळी कधी आली होती?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या, पन्नासेक प्रश्न विचारले, आणि त्रेचाळीस वर्षांच्या बाईला पाळी विचारायची आम्ही दोघीही विसरलो. लेप्टोच्या सौम्य आजाराला सर्रास दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात, आणि पुढची सगळी औषधं ठरवतानाही हे माहीत असावंच लागतं. विचारलं तर सात आठवडे पाळी चुकलेली. बाईंना वाटत होतं की आता जायची वेळ आली. सलाईन सुरू झाल्यावर तासाभराने थोडीशी लघवी झाली, गडद, कपाच्या तळाशी राहील एवढीच. तेवढ्यात गरोदरपणाची किट लावता आली. निगेटिव्ह.

१०८ यायला साकवामुळे वेळ लागला. नवरा कागद घेऊन परत आला तोवर बाईंना स्ट्रेचरवर घेत होते. मुलगी त्याला बाजूला घेऊन नीट समजावत होती : काय झालंय, कुठे नेतोय, अंगदुखीची गोळी यापुढे का द्यायची नाही. ते समजावणं तिचं उपजत होतं, कुणी शिकवलेलं नव्हतं.

रुग्णालयात क्रिएटिनिन ३.४ निघालं, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती; प्लेटलेट कमी होत्या. शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली. लेप्टोची रक्तचाचणी पुढे पॉझिटिव्ह आली. डायलिसिसची पाळी आली नाही. नवव्या दिवशी बाई घरी आल्या.

कागद पूर्ण असून चुकला कसा

त्या रात्री मी आमचीच परीक्षेची गुणपत्रिका काढून बसले. ‘लघवी-शौचाबद्दल विचारले : १ गुण’. ‘औषधांबद्दल विचारले : १ गुण’. ‘व्यसनांबद्दल विचारले : १ गुण’. विचारण्याला गुण होता. ऐकण्याला नव्हता. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलला का, याला रकानाच नव्हता. मुलीने मी शिकवलं तसंच केलं होतं, तंतोतंत. पुतळ्याला पोटऱ्या दुखत नाहीत आणि पुतळा बाकाची कड धरत नाही. तीन तुकड्या मी या गुणपत्रिकेवर तयार केल्या, आणि तिन्ही तुकड्यांच्या मुलींना रकाना भरण्याची सवय मीच लावली.

दुसरी गोष्ट त्या ‘ना’ची. मराठीत हे इवलंसं अक्षर फार लाघवी आहे. ‘जेवलात ना?’ यात माया आहे, म्हणूनच ते आपसूक तोंडात येतं. पण तपासणीत ‘लघवी होते ना?’ म्हटलं की उत्तर विचारणाऱ्यानेच देऊन टाकलेलं असतं. समोरच्या बाईला फक्त मान डोलवायची उरते. त्यात ती कोकणातली. सिस्टरला नाही कसं म्हणायचं, उगाच कुणाला त्रास कशाला, पाऊस आहे, लावणी ऱ्हवली आहे. त्या ‘होता’ म्हणणारच होत्या.

तिसरी गोष्ट मोसमाची. हाच ताप आणि हीच अंगदुखी घेऊन बाई दोडामार्गाकडून मार्चमध्ये, काजू गोळा करून आल्या असत्या, तर पहिला प्रश्न गोचिडांचा आणि मेलेल्या माकडांचा झाला असता. २०१६ पासून माकडतापाने तो भाग पोळला आहे. आंब्याच्या फवारणीनंतर कुणी घामाघूम होऊन, लाळ गाळत आला तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे का ते आधी बघायचं. फुरशाच्या दंशात जखमेपेक्षा हिरड्यांकडे आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवायचं. कोकणात संपूर्ण तपासणी शिकवायची म्हणजे हे पंचांग शिकवायला हवं. ते कुठल्याही छापील अर्जात मावत नाही.

याच किनाऱ्यावर याचा एक थोर नमुना आहे. १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. त्यांच्या हाती मोठी यंत्रं नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून घाम, उलटी, थंड पडलेले हातपाय, नाडी, बीपी, छातीतली करकर यांची त्यांनी तासागणिक नोंद ठेवली. कोणतं लक्षण आधी येतं आणि कोणतं नंतर, यातून त्यांना विषाची चाल कळली आणि पुढे प्रॅझोसिन या औषधाने मृत्यूंचं प्रमाण कितीतरी खाली आलं. त्यांचं काम ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. मी मुलींना हे सांगते ते पदकासाठी नाही. बाकाशी बसून, हात लावून, घड्याळ बघून मिळालेली माहिती किती दूर जाते, ते त्यांना आपल्याच मुलखातून दिसावं म्हणून.

आम्ही काय बदललं

गुणपत्रिका फाडली, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मूल्यमापनाला काहीतरी कागद लागतोच. तिची मांडणी बदलली. आता पहिली ओळ रुग्णाच्या तोंडच्या शब्दांत, त्याच बोलीत लिहायची : ‘आंग मोडान इला हा’. ‘जनरलाइज्ड बॉडीएक’ लिहिलं की त्या बाईंचं दुखणं पोटऱ्यांत होतं हे हरवतं. पहिली दहा मिनिटं कागद उलटाच. ‘नॉर्मल’ हा शब्द लिहायला बंदी. शेवटची लघवी कधी, किती, रंग कशासारखा, ते लिहायचं. औषध विचारायचं नाही, पिशवी बघायची. डोळे आणि जीभ खिडकीपाशी. रुग्ण दारातून आत येताना कसा चालतो, कसा बसतो, कशाला धरतो, हे तपासणीत धरायचं.

आणि एक गुण, नव्हे पाच गुण : कोणत्या उत्तराने तुझा पुढचा प्रश्न बदलला, ते सांग. हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा वर्गात बराच वेळ शांतता होती.

सराव आता बहुतेक आशाताईंबरोबर होतो. आशाताई रुग्ण होतात. त्या मालवणीतूनच बोलतात, अर्धी गोष्ट लपवतात, सासूसमोर वेगळं आणि सासू गेल्यावर वेगळं सांगतात. पुतळ्यापेक्षा त्या कितीतरी सरस शिक्षिका आहेत. परजिल्ह्यातून आलेल्या मुली सुरुवातीला रडकुंडीला येतात. ‘वायच दुखता’ म्हणजे खरंच थोडं की सांगायला लाज वाटतेय म्हणून थोडं, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

वेळेचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. ओपीडीच्या दिवशी बाहेर तीस माणसं असताना चाळीस मिनिटं एका बाईला देता येत नाहीत. मी मुलींना सांगते की प्रत्येकाला चाळीस मिनिटं लागत नाहीत. श्वास मोजायला एक मिनिट, पापणी ओढायला दहा सेकंद, पोटरी दाबायला पाच. हे तीन सगळ्यांचं करा. यातलं एक जरी बोललं, तर मग खुर्ची ओढा.

भाद्रपद

या प्रकरणाचा एक धागा मी अजून सांगितलेला नाही. त्या दिवशी दुसऱ्या फेरीत लेप्टो सापडल्यावर आमची तपासणी तिथेच थांबली. जीव वाचवायचा होता, तेव्हा ते थांबणं योग्यच होतं. पण पहिल्या कागदावरची ‘व्यसन नाही’ ही ओळ तशीच राहून गेली, आणि पुढे रुग्णालयाच्या कागदांवरही तीच उतरली.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी बाई बीपी आणि रक्त तपासायला उपकेंद्रात आल्या. चालणं सुधारलं होतं, टाचांना कोकमाचं तेल लावलेलं. मुलगी आता तिथेच नेमणुकीवर होती. तिने लघवीचं विचारलं, मग पाळीचं, मग पेज खाता की भात, आणि मग सहज म्हणाली, “मावशी, दात कशाने घासता?”

बाईंनी बटव्यातून एक छोटी पत्र्याची डबी काढली. मिसरी. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर, रात्री निजताना, लग्न झाल्यापासून. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच होतं, कारण त्या तंबाखू खात नव्हत्या, दात घासत होत्या. नवऱ्यासमोर तर डबीचा विषयच नको.

मुलगी त्यांना उठवून खिडकीपाशी घेऊन गेली. खालचा ओठ बोटांनी उलटा केला. हिरडी आणि ओठाच्या मधल्या खाचेत, मिसरी धरतात नेमकी त्याच जागी, नखाएवढा पांढरा चट्टा. पुसला तरी जात नाही. कडेला थोडा लालसर, खडबडीत.

तिने मला फोन केला तेव्हा आवाज घट्ट होता. घाबरवायचं नाही आणि हलकंही करायचं नाही, हे दोन्ही तिला एकाच वाक्यात साधायचं होतं. ती बाईंना म्हणाली, “मावशी, हा डाग दातांच्या डॉक्टरांनी बघायला हवा. कदाचित तुकडा काढून तपासतील. मी मंगळवारी तुमच्याबरोबर येते.”

“गणपती जावंदेत, मगे बघूया.”

“गणपती किती दिवसांचे तुमच्याकडे?”

“पाच.”

“म्हणजे सहाव्या दिवशी सकाळी मी वाडीवर येते. नऊच्या गाडीने जाऊ.”

बाईंनी डबी परत बटव्यात ठेवली, मग काढली, टेबलावर ठेवली, आणि पुन्हा उचलून घेतली. मुलगी काही बोलली नाही. तिने कागदावरची ‘व्यसन : नाही’ ही ओळ खोडली, वर लिहिलं, ‘मिसरी, दिवसातून तीन वेळा, वीस वर्षांपेक्षा जास्त’, आणि त्याखाली सहाव्या दिवसाची तारीख घातली.

सहाव्या दिवशी ती वाडीवर गेली. बाई खळ्यात तयार होऊन बसल्या होत्या.